पैसा कुणाच्या नावावर? सनफ्लॉवर काउंटीची गोष्ट

२०१९ च्या उन्हाळ्यात माझे खालू गावातल्या ऑनलाइन केंद्रासमोर रांगेत उभे होते. शेतकऱ्याला वर्षाला ६ हजार रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, थेट खात्यात, अशी बातमी गावभर झाली होती. खालूंनी आधार कार्ड, पासबुक आणि दोन फोटो पिशवीत घालून नेले होते. नंबर आल्यावर खुर्चीवरच्या मुलाने सातबारा मागितला. खालूंकडे सातबारा नाही. ज्या चार एकरांत ते कापूस आणि तूर घेतात ते रान त्यांनी बावीस वर्षे बटईने केले आहे. मालक आमच्याच जमातीतले, चांगले गृहस्थ, पुण्यात स्थायिक. ईदला न चुकता फोन करतात. योजनेचा पहिला हप्ता त्यांच्या खात्यात जमा झाला.

खालू घरी आले, पिशवी खुंटीला लावली आणि हसत म्हणाले, "सरकार म्हणतंय ते शेतकरी आहेत. मग मी कोण?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याविषयी वाचत असताना मिसिसिपी राज्यातल्या एका काउंटीपाशी मी थबकलो. खालूंचा प्रश्न तिथे फार आधी विचारला गेला होता, आणि उत्तर न मिळाल्याची किंमत लाखो माणसांनी मोजली होती. तीच गोष्ट आज सांगतो.

कापसाचा मुलूख

काउंटी म्हणजे राज्याच्या खालचा प्रशासकीय विभाग, साधारण आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा. मिसिसिपीच्या वायव्येला नदीच्या गाळाची सपाट, काळी, कमालीची सुपीक जमीन आहे. तिला डेल्टा म्हणतात. त्या डेल्टात सनफ्लॉवर काउंटी आहे. नाव सूर्यफुलाचे, पण पीक कापसाचे. मुख्य गाव इंडियानोला.

मिसिसिपीच्या कापसाशी मुसलमानांचेही एक जुने नाते आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या फुता जालोन इथला अब्दुल रहमान इब्राहिमा हा शिकलेला, अरबी लिहू-वाचू शकणारा राजपुत्र. युद्धात तो पकडला गेला आणि १७८८ मध्ये मिसिसिपीच्या नॅचेझ गावी गुलाम म्हणून विकला गेला. पुढची चाळीस वर्षे तो दुसऱ्याच्या मळ्यावर राबला. १८२८ मध्ये सुटका झाली, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागल्यावर १८२९ मध्ये, आपले गाव पुन्हा पाहण्याआधीच, त्याचा इंतकाल झाला. ज्या कापसाने मालकाला श्रीमंत केले, त्या कापसावर त्याचा कागदोपत्री कसलाच हक्क नव्हता. कागदावर तो स्वतःच मालमत्ता होता.

१८६५ मध्ये गुलामी संपली. युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत जनरल शर्मनने किनारपट्टीची काही जमीन ४०-४० एकरांच्या तुकड्यांनी मुक्त झालेल्या कुटुंबांना देण्याचा हुकूम काढला होता. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने तो मागे घेतला आणि जमीन जुन्या मालकांकडे परत गेली. मुक्त झालेल्या माणसांच्या हाती हात तेवढे उरले. डेल्टातली जंगले तोडून, दलदल हटवून त्यांनीच रान तयार केले आणि त्याच रानात ते वाटेकरी झाले. बी, खत, धान्य मालकाच्या दुकानातून उधार. हंगाम संपला की हिशेब, आणि वही मालकाकडे. वर्षभर राबून शेवटी देणेच निघे. बटई म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

उभ्या पिकावर नांगर

मोठी मंदी आली. १९२९ मध्ये पाउंडाला १६-१७ सेंट मिळणारा कापूस १९३२ पर्यंत ७ सेंटांच्या खाली आला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने मे १९३३ मध्ये कृषी समायोजन कायद्यावर सही केली. विचार सरळ होता. माल जास्त झाल्याने भाव पडला आहे, तर लागवड कमी करा आणि कमी केलेल्या लागवडीचा मोबदला सरकारकडून घ्या. तोवर कापूस पेरून झाला होता. म्हणून त्या उन्हाळ्यात सुमारे १ कोटी एकर उभ्या कापसावर नांगर फिरवला गेला. अमेरिकेत शेतकऱ्याला थेट सरकारी पैसे देण्याची आजची पद्धत इथून सुरू झाली.

भाव सुधारला. मोबदला आला. पण कुणाच्या हातात?

करार सरकारचा आणि जमीनमालकाचा होता. १९३४-३५ च्या कापूस करारात पाउंडामागे साडेचार सेंट ठरले. त्यातले चार मालकाचे आणि अर्धा सेंट वाटेकऱ्याचा. पिकात निम्मा वाटा असणारा माणूस सरकारी पैशात नवव्या वाट्याचा धनी झाला. तो अर्धा सेंटही मालकाच्या हातूनच यायचा आणि बऱ्याचदा उधारीच्या वहीत जिरायचा.

याहून वाईट पुढे घडले. लागवड कमी करायची म्हणजे माणसेही कमी लागणार. वाटेकरी ठेवला तर अर्धा सेंट द्यावा लागतो. त्याला काढून रोजंदारीवर घेतले तर तोही वाचतो. करारात एक कलम होते की मालकाने शक्य तितके वाटेकरी टिकवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा. प्रामाणिक प्रयत्न मोजायचा कुणी? कुटुंबेच्या कुटुंबे रस्त्यावर आली. सरकारच्या पैशातून मालकांनी ट्रॅक्टर घेतले आणि मग वाटेकऱ्यांची गरज आणखी कमी झाली. ज्या योजनेचे नाव शेतकऱ्याला मदत असे होते, तिने शेत कसणाऱ्यालाच शेताबाहेर काढले.

यावर कुणी बोलले नाही असे नाही. जुलै १९३४ मध्ये शेजारच्या आर्कान्सा राज्यात टायरोन्झा गावाजवळ ११ गोरे आणि ७ काळे पुरुष एकत्र बसले आणि त्यांनी दक्षिणी कूळ शेतकरी संघटना उभी केली. त्या काळात, त्या मुलखात काळ्या-गोऱ्यांनी एका संघटनेत येणे ही जिवावरची गोष्ट होती. सभांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. इकडे वॉशिंग्टनमध्ये कृषी खात्याच्या काही तरुण वकिलांनी त्या कलमाचा अर्थ असा लावला की मालकाला आहेत तीच कुळे ठेवावी लागतील. फेब्रुवारी १९३५ मध्ये या वकिलांचा प्रमुख जेरोम फ्रँक याला काही सहकाऱ्यांसह नोकरीतून काढण्यात आले. त्याच योजनेचा वित्त संचालक होता ऑस्कर जॉन्स्टन, जो डेल्टातल्या एका प्रचंड कापूस कंपनीचा अध्यक्षही होता. पैसे देणारा आणि घेणारा एकाच पंगतीला बसलेले होते. वाढपी ओळखीचा असल्यावर पंगतीच्या टोकाला काय पोहोचते ते आपल्याला माहीत आहे.

एकाच काउंटीतले दोघे

आता सनफ्लॉवर काउंटीत परत येऊ. इथे काही मैलांच्या अंतराने दोन माणसे राहत होती.

एक जेम्स ईस्टलँड. डॉड्सव्हिलजवळ त्यांचा सुमारे ५,८०० एकरांचा मळा. १९४३ पासून १९७८ पर्यंत ते अमेरिकेच्या सिनेटमध्ये होते. १९५६ पासून न्याय समितीचे अध्यक्ष, म्हणजे नागरी हक्कांचे विधेयक अडवण्याची जागा त्यांच्या हातात. ते कृषी समितीवरही होते, म्हणजे कापसाचे अनुदान ठरवण्याची जागाही. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या मळ्याला वर्षाला १ लाख डॉलरहून जास्त सरकारी अनुदान मिळत होते. त्यातला काही भाग जमीन पड ठेवण्याचा होता.

दुसऱ्या फॅनी लू हेमर. जन्म १९१७, वीस भावंडांत शेवटच्या. सहा वर्षांच्या असताना मळेवाल्याने दुकानातल्या खाऊचे आमिष दाखवून त्यांना कापूस वेचायला लावले. वडिलांनी एकदा पै-पै साठवून खेचरे आणि अवजारे घेतली, बटई सोडून स्वतः खंडाने शेती करायचे ठरवले. कुणीतरी गोऱ्या माणसाने जनावरांच्या चाऱ्यात विष कालवले. जनावरे मेली आणि ते कुटुंब पुन्हा कधी वर आले नाही. मोठेपणी हेमरबाई रूलव्हिलजवळच्या एका मळ्यावर मजुरांचे तास लिहून ठेवण्याचे काम करीत. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या आणखी सतरा जणांसोबत इंडियानोलाला मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या. त्याच दिवशी मालकाने त्यांना मळ्यावरून काढून टाकले. अठरा वर्षांचे काम, आणि घरही त्याच मळ्यावर.

काउंटीत काळ्यांची संख्या दोन तृतीयांशाच्या आसपास होती. मतदार यादीत मात्र त्यांच्यातले शंभरात दोनही नव्हते. मताचा आणि अनुदानाचा संबंध काय, असे वाटेल. संबंध अगदी थेट होता. कुणाच्या शेताला किती एकर कापसाची परवानगी, मोजणी कशी, तक्रार कुठे, हे सगळे प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनी निवडून दिलेली समिती ठरवत असे. कागदावर ही उत्तम लोकशाही होती. प्रत्यक्षात नागरी हक्क आयोगाने १९६५ च्या अहवालात दक्षिणेतल्या या समित्या पाहिल्या तेव्हा त्या गोऱ्यांच्याच हातात होत्या. १९६४ मध्ये विद्यार्थी चळवळीतल्या तरुणांनी मिसिसिपीत काळ्या शेतकऱ्यांना या समित्यांच्या निवडणुकीला उभे केले, तेव्हा मारहाण आणि अटका झाल्या. मळेवाल्यांना या समित्यांची किंमत चांगली ठाऊक होती.

त्याच वर्षी हेमरबाई काँग्रेसच्या जागेसाठी पक्षांतर्गत निवडणुकीला उभ्या राहिल्या. समोर होते जेमी व्हिटन, कृषी खात्याचा निधी ठरवणाऱ्या उपसमितीचे अध्यक्ष. त्या हरणार हे ठरलेलेच होते. पण त्यांनी जागा बरोबर निवडली होती. २० डिसेंबर १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका चर्चमध्ये त्या बोलल्या तेव्हा त्याच सभेत माल्कम एक्सही बोलले. हजची यात्रा करून आलेला तो मुसलमान नेता आणि चर्चमध्ये भजने गाणारी ही ख्रिस्ती मजूर बाई. दोन महिन्यांनी माल्कम यांची हत्या झाली.

मालकाला चेक, मजुराला पीठ

डेल्टात कापूस खुरपणाऱ्या मजुराला तेव्हा दिवसाला ३ डॉलर मिळत. दिवस दहा तासांचा. १९६५ मध्ये मजुरांनी तासाला सव्वा डॉलर मागत संप केला, तेव्हा त्यांना झोपड्यांतून काढण्यात आले. १९६७ पासून शेतमजुरांना तासाला १ डॉलर किमान वेतन लागू झाले आणि मालकांनी मजुरांऐवजी यंत्रे आणि तणनाशके घेतली. कापूस वेचणारे यंत्र १९४४ मध्येच क्लार्क्सडेलजवळच्या मळ्यावर जाहीरपणे चालवून दाखवले गेले होते.

मजुरांसाठी सरकारी मदत म्हणजे उरलेसुरले पीठ, तांदूळ, दूध भुकटी. तीही स्थानिक सत्तेच्या मर्जीवर. १९६२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर, मतदार नोंदणीची चळवळ सुरू झाल्यावर, शेजारच्या लेफ्लोर काउंटीच्या मंडळाने हे वाटप बंद केले. सुमारे २२ हजार लोक त्यावर अवलंबून होते. १९६७ च्या एप्रिलमध्ये रॉबर्ट केनेडी डेल्टात आले आणि पोटे फुगलेली मुले पाहून गेले.

इथे मला सर्वात जास्त बोचते ते शब्दांतले अंतर. मजुराच्या पिठाला खैरात म्हणत आणि ती घेणाऱ्याला आळशी. मळेवाल्याच्या चेकला शेतीला आधार म्हणत. दोन्ही पैसे एकाच खजिन्यातून येत होते.

या चेकांवर देशभर टीका झाली तेव्हा १९७० मध्ये कायद्याने मर्यादा घातली. एका व्यक्तीला एका पिकामागे ५५ हजार डॉलरपेक्षा जास्त मिळणार नाही. मोठ्या मळेवाल्यांनी एका मळ्याचे कागदावर अनेक मळे केले. बायको, मुलगा, सून, कंपनी, त्या कंपनीची कंपनी. पुढे या फांद्या फुटलेल्या रचनेला नावच पडले 'मिसिसिपी ख्रिसमस ट्री'. कागद ज्याच्या हातात त्याला कागद वाढवताही येतो. आपल्याकडे सीलिंगच्या काळात गडी, गुरे आणि देव यांच्या नावावर जमिनी झाल्या, ते आठवून मला हसू आले आणि वाईटही वाटले.

हेमरबाईंनी १९६९ मध्ये दुसरा रस्ता धरला. देणग्या गोळा करून त्यांनी ४० एकर घेतले आणि फ्रीडम फार्म नावाची सहकारी शेती सुरू केली. भाजी गरीब घरांना, काही रानात कर्जफेडीसाठी कापूस आणि सोयाबीन. जोडीला एक 'बँक' होती. गरजू कुटुंबाला गाभण डुकरीण द्यायची आणि पिले झाल्यावर त्यातली दोन परत घ्यायची. आपल्याकडे शेळी वाट्याने देतात तसेच, जनावर तेवढे निराळे. पुढे शेती सहाशे एकरांच्या वर गेली. पण पूर, अवर्षण, आजारपण आणि आटत गेलेल्या देणग्या यांपुढे ती टिकली नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्याला जमीन गेली. १४ मार्च १९७७ रोजी हेमरबाई वारल्या. शेजारच्या मळ्याला तोट्याच्या वर्षी सरकारचा आधार होता. यांच्या शेतीला देणग्यांपलीकडे काही नव्हते.

उशिराचा न्याय

१९२० मध्ये अमेरिकेत सुमारे सव्वा नऊ लाख काळे शेतकरी होते. १९८२ पर्यंत ते ३३ हजारांच्या आसपास उरले. १९९७ मध्ये टिमोथी पिगफर्ड या नॉर्थ कॅरोलायनातल्या शेतकऱ्याने आणि त्याच्या साथीदारांनी कृषी खात्याविरुद्ध दावा लावला. कर्ज आणि अनुदान देताना काळ्यांचे अर्ज अडवले जातात आणि तक्रारींची चौकशी होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९८३ मध्ये खात्याने तक्रारी पाहणारा विभागच मोडीत काढला होता. १९९९ मध्ये तडजोड झाली. १५ हजारांहून अधिक जणांना प्रत्येकी ५० हजार डॉलर आणि काही कर्जमाफी मिळाली. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवात त्या हुकलेल्या ४० एकरांच्या आठवणीने केली. २०१० मध्ये आणखी सव्वा अब्ज डॉलर मंजूर झाले आणि २०२४ मध्ये भेदभाव सोसलेल्या सुमारे ४३ हजार जणांना मिळून सुमारे २ अब्ज.

ही लहान गोष्ट नाही. पण पिगफर्ड खटल्यात भरपाई कुणाला, तर ज्याने १९८१ ते १९९६ या काळात शेती केली किंवा करू पाहिली आणि खात्याकडे अर्ज केला त्याला. १९३४ मध्ये ज्या वाटेकऱ्याचा अर्धा सेंट बुडाला आणि जो बिऱ्हाड घेऊन शिकागोला गेला, त्याने कधी अर्जच केला नव्हता. त्याच्या नावाचा कागद नव्हता. तो तेव्हाही शेतकरी नव्हता, आताही नाही.

मग मी कोण?

बटईला फिक्हमध्ये मुजारअत म्हणतात. इमाम अबू हनीफा यांनी ती मान्य केली नाही. मजुराचा मोबदला आधी ठरत नाही, पीक बुडाले तर राबणूक फुकट जाते, असा त्यांचा आक्षेप. त्यांचेच शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद शैबानी यांनी लोकांची गरज पाहून ती मान्य केली, पण अटी घालून. वाटा हिश्शात ठरलेला हवा. एका बाजूला पक्के माप आणि दुसऱ्याला नशीब, हे चालणार नाही. गुरू-शिष्यांत मतभेद असले तरी दोघांच्याही नजरेसमोर कसणारा माणूस उभा आहे. करार त्याला वगळून होत नाही. पावसाची जोखीम एकाची आणि सरकारी पैसा दुसऱ्याचा, या व्यवस्थेवर त्यांनी काय म्हटले असते ते मी सांगू शकत नाही. प्रश्न तरी नक्की विचारला असता.

आपल्याकडे कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून कूळ कायदे झाले. त्यांनी अनेकांना खरोखर जमीन दिली. पण त्यानंतर मालक सावध झाले. बटईदाराचे नाव कागदावर येऊ द्यायचे नाही, व्यवहार तोंडी ठेवायचा, ही रीत पडली. म्हणून खालू बावीस वर्षे रानात आहेत आणि कागदावर एक दिवसही नाहीत. मोबाइलवरून पीक पाहणी आली तेव्हा बांधावर उभे राहून फोटो काढला खालूंच्या मुलाने आणि नोंद झाली मालकाच्या खात्यावर. विमा, नुकसानभरपाई, २०२३ पासून राज्याचे आणखी ६ हजार, सारे त्याच नावामागे जाते.

हा प्रश्न हिंदू-मुसलमान असा नाही, हे मालकांच्या नावावरूनच कळेल. पण ज्या समाजाचे कापसाशी नाते पिंजाऱ्याचे, हमालाचे आणि वेचणीच्या मजुराचे जास्त, त्याला तो जास्त झोंबतो. इलाज नाही असेही नाही. ओडिशाने २०१९ च्या सुमारास कालिया योजनेत वाटेकऱ्यांना आणि भूमिहीनांना घेतले. आंध्र प्रदेशने त्याच वर्षी मालकी हक्काला धक्का न लावता कसणाऱ्याला ११ महिन्यांचे कार्ड देणारा कायदा केला आणि दलित, आदिवासी, मागास व अल्पसंख्याक भूमिहीन कसणाऱ्यांना मदतीत धरले. त्यातही कार्डावर मालकाची सही लागते आणि ती बरेच मालक देत नाहीत. तरीही कसणारा सरकारी यादीत येऊ शकतो, एवढे त्याने सिद्ध झाले. महाराष्ट्रात अशी मागणी शेतकरी संघटनांनीच नव्हे, आपल्या जमातींनी आणि तंझिमांनीही करायला हवी. आरक्षणाइतकीच ती रोजीरोटीची आहे.

गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर मी खालूंना ही सगळी गोष्ट सांगितली. डुकरांच्या बँकेवर ते मनापासून हसले. मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "त्या बाईला शेवटी जमीन मिळाली का?"

"मिळाली होती. राहिली नाही."

"आणि त्या सिनेटरची?"

मी म्हणालो, त्याच्या जमिनीचे कागद पक्के होते. खालूंनी मान हलवली आणि तरावीहसाठी उठले.